एकोणीसशे अकराची निळी बस

ऐक जोनी, नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही. तू मध्ये बोललीस की मी भरकटते, आणि हे मला जायच्या आधी तुला नीट सांगायचंय. कॉफी गार झाली तर दुसरी सांगू, पण ऐक.

वर्मिश गावात मी काय करत होते ते तुला माहितेय ना? इलिर्यानच्या सिनेमात. नाही गं, सहायक दिग्दर्शक नाही, त्याहून वाईट. काळ सांभाळणारी. गोष्ट एकोणीसशे अकराची. डोंगरातलं एक गाव, नवं लग्न झालेली एक पोरगी, नवरा आधीच अमेरिकेला गेलेला, आणि आता ती त्याच्याकडे निघालीय, व्ह्लोराच्या बंदरातून जहाजानं. बस, एवढंच. आणि माझं काम म्हणजे त्या सालात बारा सालचंसुद्धा काही शिरू द्यायचं नाही. सगळे मला कस्टमवाली म्हणायचे. चहा आणणारासुद्धा! "कस्टमवाली, हा कप चालेल का, की याचा पासपोर्ट बघायचाय?"

पण मी चांगली होते हं. खरंच. एका बाईच्या घागऱ्याला मागे झिप होती, ती मी लांबून पकडली. एक मेंढपाळ म्हणून उभा केलेला माणूस, हात उन्हानं रापलेला आणि मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा! कॅमेरा चालू व्हायच्या आत मी धावत जाऊन त्याच्या मनगटाला माती फासली. क्लेआची नखं... ती क्लेआ, टीव्हीवर शनिवारी असते बघ, ती आमची नवरी... तिची ती चमकणारी नखं मी स्वतः कापली, आणि ती रडली. मला बिलकुल दया आली नाही.

तर आता मुख्य सीन. गावाच्या टोकाला पाण्याचा झरा, तिथपर्यंत बायका तिला पोचवायला येतात आणि तिथे निरोपाचं गाणं म्हणतात. अख्खा सिनेमा त्या सीनवर उभा. इलिर्यान म्हणाला, नट्या नकोत, गावातल्याच बायका हव्यात. आणि वर्मिशमध्ये शेचेरेबाईंचा गाणाऱ्या बायकांचा मेळ आहे. आम्ही सगळे त्यांना नेने शेचेरे म्हणायचो, नेने म्हणजे आजी म्हणावं तसं. सत्तरीच्या असतील, बांधा एवढासा, आणि आवाज? जोनी, तो आवाज घशातून येतच नाही. कुठून येतो देव जाणे.

गाणं मी आणलं होतं. प्रोफेसर थोमांकडून. पन्नासच्या दशकात शेजारच्या खोऱ्यात एका म्हातारीकडून टेपवर घेतलेलं, आणि तिनं ते लहानपणी शिकलेलं, म्हणजे सालाच्या हिशेबात एकदम चोख. मी मेळातल्या बायकांना ते ऐकवलं. एकदा, दोनदा. त्या ऐकत बसल्या, चीज भरून भाजलेलं बिरेक खाल्लं, मलाही खायला घातलं, आणि नेने शेचेरे म्हणाल्या, "छान आहे हो. कुणाचं आहे?"

मी म्हटलं, "खालच्या खोऱ्यातलं."

"ते कळलं. कुणाचं आहे? कोण गेलं होतं?"

आता मला काय माहीत कोण गेलं होतं! मी म्हटलं, कुणीतरी असेल. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि विषय बदलला. मला वाटलं, झालं, शिकल्या.

शूटिंगचा दिवस. सकाळचं ऊन नेमकं हवं तसं. क्लेआ झऱ्यापाशी, डोक्यावर पांढरा रुमाल, हातात गाठोडं, कापलेली नखं. बायका अर्धगोलात. इलिर्यान म्हणाला, "चला." आणि नेने शेचेरेंनी तोंड उघडलं आणि लग्नाचं गाणं सुरू केलं! लग्नाचं! ते नवरीला घरात घेताना म्हणतात ते, सासू कशी दारात उभी आहे वगैरे.

इलिर्यान "कट, कट" करत धावला. "नेने, हे लग्नाचं आहे!"

"हो मग. हिचं लग्न झालंय ना?"

"पण ही चाललीय!"

"कुठे चाललीय?"

"अमेरिकेला!"

नेने शेचेरेंनी क्लेआला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ही? ही शनिवारी टीव्हीवर आहे. ही कुठे जात नाही."

जोनी, सगळे हसले. पण मेळातल्या बायका हसल्या नाहीत. मग हळूहळू कळलं. त्या गावात निरोपाचं गाणं जो खरंच चाललाय त्याच्यावरच म्हणतात. न जाणाऱ्यावर म्हटलं तर रस्ता त्याला शोधत येतो. अगदी असंच म्हणाल्या, रस्ता शोधत येतो. एक दुसरी बाई, लाल गालांची, ती म्हणाली, "आमच्याकडे झेनेलवर म्हटलं होतं, राकी पिऊन, गंमत म्हणून. झेनेल कोण? जो विहिरीवरसुद्धा जायचा नाही, बायकोला पाठवायचा. दिवाळं नाही, भांडण नाही, काही नाही, पुढच्या महिन्यात ग्रीसला! अजून तिकडेच आहे."

"बायको इथेच आहे," दुसरी म्हणाली. "ती खूश आहे. पण ते वेगळं."

इलिर्यान समजावतोय. "अहो, हा अभिनय आहे. खोटं आहे. सिनेमा आहे."

"ती करते अभिनय," नेने शेचेरे म्हणाल्या. "करू दे की. चांगली करते, मी बघते शनिवारी. आम्ही कुठे अभिनय करतो? आम्ही गातो."

आणि मजा म्हणजे क्लेआच घाबरली! गाठोडं खाली ठेवून म्हणाली, "इलिर, माझ्यावर नको हं म्हणायला लावूस. माझी आई एकटी असते." झालं! आता ऊन वर चढतंय, मेळ गात नाही, नवरी ऐकून घेत नाही, आणि आमचा ध्वनीवाला गेंत कानावर हेडफोन लावून सगळं ऐकतोय आणि हसतोय.

मग इलिर्याननं वैतागून हवेत विचारलं, "बरं, मग खरंच कोण चाललंय? आहे का इथे कुणी? कुणीतरी चाललंच असेल ना, या देशात!"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी."

हो गं, तोपर्यंत मी तिथे कुणाला सांगितलंच नव्हतं. तुला माहीत होतं, आईला माहीत होतं, बस. इलिर्यान माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, जर्मनीत, लाइप्झिगला, म्युझियममध्ये काम मिळालंय, ऑक्टोबरात. नेने शेचेरे माझ्यापाशी आल्या, अगदी जवळ, आणि विचारलं, "किती दिवसांसाठी, पोरी?"

"दोन वर्षं," मी म्हटलं. मग म्हटलं, "माहीत नाही."

"म्हणजे माहीत नाही," त्या म्हणाल्या. मागे वळून बायकांना म्हणाल्या, "ही चाललीय."

इलिर्यानचं डोकं लगेच चालायला लागलं. क्लेआवरचे शॉट वेगळे घेऊ, बायकांवरचे वेगळे. मला कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभं केलं, जिथे क्लेआ असायला हवी तिथे, म्हणजे बायका माझ्याकडे बघून गातील. मी जीन्समध्ये, गळ्यात तो ओळखपत्राचा पट्टा, आणि मला प्रश्न! आईचं नाव काय? लिरिए. कुठली ती? परमेतची. भाऊ? नाही. सोबत काय नेतेस? मी म्हटलं, कपडे, लॅपटॉप, आईनं वाळवलेला डोंगरातला चहा. लॅपटॉप कुणाला आवडला नाही, चहा आवडला. जाणार कशी? मी म्हटलं, आधी बसनं तिरानाला, मग विमान. "कसली बस?" निळी, मी म्हटलं, ती सकाळची. मग त्या डोकी एकत्र करून कुजबुजायला लागल्या. इलिर्यानला वाटलं, माझं आणलेलं गाणंच म्हणायची तयारी चाललीय. खरं सांगते, मलाही तेच वाटलं.

आणि मग त्या गायल्या.

आता मी हे कसं सांगू? तुला आपल्याकडचं गाणं माहितेय, लग्नात ऐकतो, कंटाळतो, फोन काढतो. तसं नाही. एक बाई सूर उचलते, दुसरी तो वळवते, तिसरी वर फेकते, आणि बाकीच्या खालून एकच सूर धरून ठेवतात, इकडे तिकडे होऊ देत नाहीत. मी हे सगळं पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय. पण तो खालचा सूर तुझ्या अंगावर धरलेला असतो ना, तुझ्यावर, तेव्हा असं वाटतं की कुणीतरी तुझे दोन्ही खांदे पकडलेत आणि त्याच वेळी वरची बाई तुला ढकलतेय. जा म्हणतायत आणि सोडत नाहीत. दोन्ही एकाच वेळी! हे कुणी शोधून काढलं असेल गं? शब्द असे होते:

लिरिएची लेक निघाली, निघाली,
उंबऱ्यावर पाय, खिंडीवर डोळा.
निळी बस आली, पोटात घेऊन गेली,
काचेला कपाळ टेकलं, काच ऊन झाली.
बाजूला हो डोंगरा, तिला मागे बघू दे.
नको डोंगरा, उभा राहा, बघेल तर परत येईल.

बघ, मला आत्तासुद्धा... थांब. बरी आहे मी. त्यांनी तिथल्या तिथे रचलं! मी निळी बस म्हटलं आणि बिरेक गरम करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती काच ऊन झाली. आणि तो डोंगर! बाजूला हो, नको, उभा राहा. मी एवढी वर्षं शिकले, एवढी गाणी तपासली, मला जन्मात सुचलं नसतं.

गाणं संपलं. इलिर्यान कट म्हणायला विसरला. क्लेआ मागे उभी राहून रडत होती, आणि या वेळी नखांसाठी नाही. कॅमेरावाल्यानं हळूच विचारलं, "बंद करू का?"

मग इलिर्यान माझ्याकडे वळला. डोळे पुसले आणि म्हणाला, "कस्टमवाली. गाण्यात बस आहे."

"हो," मी म्हटलं.

"आईचं नाव मी बदलतो. सिनेमातल्या आईचं नाव आजपासून लिरिए, माझ्याच हातात आहे ते. पण बसचं काय करू? एकोणीसशे अकरात?"

तो नेने शेचेरेंकडे गेला. अगदी हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "नेने, देवासारख्या गायलात. फक्त पुन्हा एकदा, आणि बस काढून."

"बस काढली तर पोरगी जाणार कशानं?"

"घोड्यावर!"

"घोड्यावर? जर्मनीला?" आणि त्या सगळ्याजणी असल्या हसायला लागल्या की ती लाल गालांची बाई झऱ्यात पडता पडता वाचली. "अरे पोरा, ही तिकडे पोचेल तेव्हा माझ्याएवढी झालेली असेल!"

मग हसू थांबलं आणि नेने शेचेरे शांतपणे म्हणाल्या, "आणि दुसऱ्यांदा म्हणत नाहीत. एकदा पाठवली. दुसऱ्यांदा पाठवायची म्हणजे येऊ नकोस असं सांगणं. ते मी लिरिएच्या लेकीला करणार नाही." गुडघ्यावरची धूळ झटकली आणि निघाल्या. घरी कोंबड्यांना दाणे टाकायचे होते त्यांना.

म्हणजे एकच टेक. एकच. ठेवायचा तर बससकट.

इलिर्यान दगडावर बसला. मला म्हणाला, "दोन रस्ते आहेत. एक, हे ठेवायचं. दुसरा, तू आणलेलं ते जुनं गाणं कुणाकडून तरी स्टुडिओत गाऊन घ्यायचं आणि यांच्या ओठांवर चढवायचं. ठरव. तू जे म्हणशील ते. पण हे लक्षात ठेव की काळ सांभाळणारी म्हणून नाव तुझं जाणार आहे. पहिला सिनेमा तुझा. सिनेमा लागला की पहिल्या दिवशी सगळे काय म्हणतील? हिला बस दिसली नाही. ऐकू पण नाही आली."

मी थोमा सरांना फोन लावला. झऱ्याच्या वर चढून, तिथेच एक कांडी नेटवर्क येतं. सगळं सांगितलं, एका दमात. सर खूप वेळ हसत होते. मग म्हणाले, "तू नेलेल्या गाण्यात ती कशानं जाते?"

"धुराच्या जहाजानं," मी म्हटलं.

"मग? ते गाणं जिनं रचलं तिच्या आजीनं गाण्यात धूर ऐकला असता का? आजीच्या गाण्यात घोडा होता, खेचर होतं, पायवाट होती. जहाज नवं होतं गं तेव्हा. गावात कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. त्या बाईनं जे सगळ्यात नवं होतं तेच गाण्यात घातलं, कारण माणूस त्याच्यात बसून गेला होता."

"मग ठेवू म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. माझं नाव नाही त्या सिनेमावर." आणि परत हसले. "पण मला ऐकायचंय. पाठव."

मग मी तिथेच वर बसले, शेळ्यांच्या मध्ये, आणि डोक्यात नुसता गोंधळ. बघ ना, झिप चुकीची ती चुकीचीच. घड्याळाचा पट्टा चुकीचा. मग बस कशी बरोबर? आणि दुसरीकडे, ते चोख सालाचं जुनं गाणं त्या बायकांच्या तोंडी घातलं असतं तर काय झालं असतं? कुणा दुसऱ्या गावच्या, कधीच गेलेल्या माणसाचा निरोप, न जाणाऱ्या बाईवर म्हटलेला. एकोणीसशे अकरात वर्मिशच्या कुठल्याही बाईनं ते केलं नसतं. एकीनंही नाही! म्हणजे शब्द त्या सालचे आणि गाणं खोटं. आणि इकडे शब्दात बस, पण त्या उभ्या कशा राहिल्या, सूर कुणी उचलला, सगळ्यात आधी आईचं नाव कसं विचारलं, एकदाच म्हणायचं हे कसं ठरलेलं, हे सगळं अकरा सालचंच आहे. त्याच्याही मागचं असेल. झिप कपड्यात बाहेरून शिरली होती. बस बाहेरून नाही शिरली, तिला आत घेणं हीच तर गाण्याची पद्धत आहे! मी एकटीच शेळ्यांना हे मोठ्यानं सांगत होते. शेळ्यांना पटलं.

पण मग एक शंका आली, आणि ती अजून जात नाही. गाणं माझ्यावर म्हटलं होतं ना? माझी आई त्यात, माझी बस त्यात, माझं कपाळ काचेवर. मग मी निवाडा करतेय की नुसती रडतेय? दुसऱ्या कुणावर म्हटलं असतं आणि त्यात बस असती, तर मी त्याच क्षणी शिट्टी मारली असती. मला माहितेय मी कशी आहे. क्लेआला विचार.

खाली आले. आणि ऐक, आता सगळ्यात कठीण भाग. गेंत हेडफोन घेऊन माझ्याकडे आला, मला बाजूला घेतलं, आणि म्हणाला, "अगं, तू उगीच मरतेयस. ऐक." आणि माझ्या कानावर हेडफोन ठेवला. त्यानं तेवढ्या वेळात काय केलं होतं माहितेय? त्या ओळीवर मेंढीच्या गळ्यातली घंटा ठेवली होती. टण. एकच. ती बरोबर त्या शब्दावर. निळी, टण, आली, पोटात घेऊन गेली. जहाज असेल, गाडी असेल, काहीही असेल. इतकं सुंदर बसलं होतं की मलासुद्धा बस ऐकू आली नाही. डोंगर आहे, मेंढ्या आहेतच, कुणाला शंका येणार? कुणी हसणार नाही, माझं नाव स्वच्छ, गाणं जवळपास सगळं तसंच. गेंत म्हणाला, "एक घंटा. बास. कुणाला कळणार नाही, मेळालासुद्धा नाही."

आणि जोनी, माझ्या जिभेवर हो आलं होतं. अगदी टोकावर.

पण मग मी ते पुन्हा ऐकलं, आणि मला ती पोरगी दिसली, रस्त्याच्या कडेला गाठोडं घेऊन उभी. बायका तिला जा म्हणतायत, खांदे सोडत नाहीयेत, डोंगराला सांगतायत बाजूला हो, आणि तिला न्यायला कोण आलं? घंटा. ती जाणार कशानं, सांग ना. घंटेत बसून? नेने शेचेरेंनी एकाच गोष्टीसाठी हट्ट धरला होता, सगळ्या गाण्यात एकाच गोष्टीसाठी, आणि आम्ही नेमकी तीच हळूच बुजवणार, त्यांना न सांगता.

मी हेडफोन काढले आणि इलिर्यानला म्हटलं, "ठेव. बससकट. घंटा नको. आणि नाव माझंच टाक, मोठं टाक."

तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "कट म्हण आता, सकाळपासून राहिलंय." त्यानं म्हटलं. गेंतनं मान हलवली आणि घंटा पुसून टाकली, अगदी माझ्यासमोर.

आता नोव्हेंबरात लागेल सिनेमा. मी तिकडे असेन आणि तू इथे थिएटरात बसलेली असशील. बायका गायला लागतील, बस येईल, आणि तुझ्या शेजारचा कुणीतरी नक्की हसेल. पहिल्यांदा हसेल. पुढच्या दोन ओळींनंतर काय करेल ते मला माहीत नाही, आणि तेच बघायला मी नसणार. आईला मी सांगितलंय, तिचं नाव त्यात आहे. ती म्हणाली, बसबद्दल लोक हसले तर मी उठून उभी राहीन. राहील पण ती.

मला अजून कळत नाही मी बरोबर ऐकलं की नुसतं माझंच ऐकलं. तू तिथे असतीस, कानावर हेडफोन, गेंत शेजारी, बोट त्या बटणावर, एक घंटा, फक्त एक, आणि कुणालाच कधी कळलं नसतं. खरं सांग जोनी, तू काय केलं असतंस?